बाहीची टीप

मास्तरांच्या कात्रीला हात लावायची कुणाची टाप नव्हती, अगदी त्यांच्या बायकोचीसुद्धा. तीस वर्षं दोघं एकाच दुकानात समोरासमोर बसत आले. मास्तर कापायचे, शिवायचे. ती काजं करायची, बटणं लावायची, जुन्या कपड्यांची दुरुस्ती करायची. गिऱ्हाइकं तिला मास्तरीण म्हणत. एकदा तिनं त्या कात्रीनं कागद कापला, तर मास्तर दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

म्हणूनच कात्री चालेना तेव्हा पहिला संशय तिच्यावर गेला.

"पुन्हा कागद कापलास ना?"

"शपथेवर सांगते, नाही हो!"

कात्रीला धार लावून आणली. महिन्यानं पुन्हा लावली. सहा महिन्यांत पाच वेळा धार झाली, तेव्हा धारवाला वैतागून म्हणाला, "मास्तर, आता पातंच उरायचं नाही. कात्रीला काहीही झालेलं नाही." मास्तर त्याच्यावर असे उखडले की विचारू नका. पण मास्तरणीनं पाहिलं होतं. कापताना ते डाव्या हाताची मूठ उजव्या अंगठ्यावर ठेवून कात्री दाबत होते.

मग एका सकाळी शर्ट घालताना उजवी बाही दंडावर ढिली पडली. मास्तर आरशासमोर उभे राहून दंड चाचपत राहिले. तोंडावरचा रंगच उडाला होता. मास्तरीण दारातून बघत होती. दुपारी जेवून ते आडवे झाले तेव्हा तिनं तो शर्ट उलटा केला आणि बाहीला आतून टीप मारली. टाके मोजून मारले, अगदी त्यांच्यासारखे. दुसऱ्या दिवशी बाही चपखल बसली.

"काल उगीच काहीतरी वाटलं मला," मास्तर म्हणाले आणि चक्क शीळ घालत दुकानात गेले. कितीतरी दिवसांनी त्यांची शीळ ऐकू आली होती. त्या शिळेपायी तिनं पुढचं सगळं केलं. सातही शर्टांच्या बाह्या आवळल्या. दोन महिन्यांनी परत, त्यानंतर आणखी एकदा. चूक होती का? होती. पण त्या वेळी तिच्या हातात दुसरं होतं काय? सुईदोराच होता.

शेवटी बटण लावता येईना, तेव्हा मास्तर हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्या गृहस्थांना वेळ कुठे! त्यांनी अंगठा दाबून पाहिला आणि विचारलं, "दंड बारीक झालाय का?"

"छे! मी शिंपी आहे डॉक्टर. सुताएवढा फरक पडला तरी बाही सांगते मला."

"मग मनगटात नस दबली असणार. सोडवून टाकू." आठ दिवसांनंतरची ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधी मोठ्या दवाखान्यात नसांची तपासणी तेवढी करून आणायची होती.

तपासणीच्या खोलीत एक पलंग, एक यंत्र आणि एक शांत डॉक्टरीणबाई होत्या. मास्तरीण कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. बाईंनी मास्तरांच्या हाताला तारा चिकटवल्या आणि विजेचे बारीक झटके दिले. प्रत्येक झटक्याला अंगठा जरासा उडायचा.

"विजेच्या सांगण्यावरून उडतो, मग माझं का ऐकत नाही लेकाचा?" मास्तर म्हणाले. बाई हसल्या.

"आता स्नायूत सुई घालावी लागेल. घाबरणार नाही ना?"

"सुईला? अहो बाई, जन्म गेला माझा सुया टोचून घेण्यात!"

बाईंनी सुई काढली, पण आधी नीट चौकशी केली. हात कुठे बधिर होतो का? मुंग्या येतात का? टोचतं का?

"टोचतं की! इथं, दंडाला, आतल्या अंगाला. आज चार-पाच महिने झाले."

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "हे बरं सांगितलंत. मला एका वाईट आजाराची शंका होती, पण त्यात टोचत नाही, जाणीव शाबूत राहते. त्यात स्नायू मात्र वरपर्यंत वाळत जातो. तुमचा दंड?"

"होता तसाच आहे. बाहीच साक्ष देईल."

"मग नस दबल्याचीच शक्यता मोठी."

मास्तरांनी वळून बायकोकडे पाहिलं. बघ, उगीच घाबरत होतीस, असं ते बघणं होतं. त्यांनी बोट ठेवलं होतं ती जागा मास्तरणीला डोळे मिटूनही सापडली असती. तिथंच तिनं बाहीचं जास्तीचं कापड तीनदा दुमडून आत दाबलं होतं. गप्प बसली तर आठ दिवसांनी हे लोक त्यांचं मनगट विनाकारण कापणार. बोलली तर आत्ताचा हा चेहरा परत दिसायचा नाही.

"डॉक्टर," ती उभी राहिली, "टोचतंय ते कापड आहे. बाही मी आवळलीय."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"किती?" बाईंनी विचारलं.

"तीन वेळा. सगळी मिळून दोन इंच."

मास्तर भिंतीकडे बघत राहिले. बाईंनी त्यांना शर्ट काढायला लावला. उघड्या दंडावर कातडीखाली काहीतरी सारखं फडफडत होतं, थांबत होतं, परत फडफडत होतं. मग सुई सुरू झाली. बाई प्रत्येक वेळी म्हणत, "हात अगदी सैल सोडा." सैल सोडलेला स्नायू निरोगी असला तर यंत्र गप्प राहतं, असं त्यांनी आधी सांगितलं होतं. उजव्या दंडात यंत्र खडखडत राहिलं. मांडीत खडखडलं. पाठीत खडखडलं. मग बाईंनी सुई डाव्या हातात घातली.

"तो चांगला आहे ना हो," मास्तर म्हणाले.

यंत्र तिथंही खडखडलं.

नंतर त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. मनगटाचं ऑपरेशन नको. रक्त तपासू, मानेचा एमआरआय करू, दुसरं काही निघतंय का ते कसून शोधू. "पण खोटी आशा लावत नाही. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत चालल्यात असं दिसतंय. हुकूम आला नाही की स्नायू वाळतो."

"औषध?" मास्तरांनी विचारलं.

"थोडं हळू करणारं आहे. बरं करणारं नाही."

मास्तरणीला राहवेना. "माझ्यामुळे उशीर झाला ना? सांगा ना. माझ्यामुळेच ना?"

"आधी आला असतात तर औषध लवकर सुरू झालं असतं, एवढंच. आजार हाच होता. स्वतःला दोष देऊ नका."

त्यापेक्षा त्यांनी तिला टाकून बोलायला हवं होतं. चार माणसांत थोबाडीत मारली असती तरी तिनं हात जोडले असते. तिच्या चुकीनं बिघडलं असतं, तर निदान कधीकाळी ते वाचवता आलं असतं. इथं तर कुणाच्याच हातात काही नव्हतं, आणि हे तिला सहन होईना.

परत आल्यावर मास्तर घरात न जाता सरळ दुकानात शिरले. बटणं त्यांच्यानं निघेनात, तिनंच काढली. त्यांनी शर्ट कापायच्या टेबलावर टाकला, डाव्या हातानं बाही उलटी केली आणि चष्मा लावून टीप तपासली, शिकाऊ कारागिराची तपासावी तशी.

"टाके चांगले आलेत," ते म्हणाले. "मला संशयसुद्धा आला नाही."

ती रडायला लागली.

"कापड का नाही कापलंस?"

"म्हटलं, हात पुन्हा भरला की उसवून द्यायला हवं."

मास्तर त्या घडीवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी कात्री टेबलावरून तिच्याकडे सरकवली.

"टोचतं गं ते. कापून टाक."

"अहो, तुमची कात्री..."

"घे म्हटलं ना."

तिनं कात्रीत बोटं घातली. ती जड होती, आणि अंगठ्याची जागा त्यांच्या अंगठ्यानं झिजून मोठी झाली होती. तिनं पातं टिपेच्या कडेला लावलं आणि दाबलं. तिन्ही घड्या एका दमात कापल्या गेल्या. कात्रीला काहीच झालं नव्हतं.