तळहातावरचा ट्राउट

तीर्थनच्या खोऱ्यात शरदातली सकाळ पायरी-पायरीने उतरते. आधी हिमशिखराच्या कपाळावर केशर. मग देवदारांच्या काळ्याहिरव्या रांगांवर तांबूस धूर. मग उतारावरच्या घरांची दगडी छपरं आणि छपरांवर वाळत घातलेल्या मक्याच्या पिवळ्याधमक राशी. सगळ्यांना वाटून उरलेलं ऊन शेवटी नदीला मिळतं.

नदी कुरकुरत नाही. हिमजन्मा, शिलाघोषा, फेनवसना तीर्थन त्या उरल्यासुरल्या उन्हाचे हजार तुकडे करते आणि प्रत्येक लाटेच्या पदरात एकेक बांधून देते.

नदीच्या वरच्या अंगाला, दोघं उतरली होती त्या पाहुणेघरासमोर, अक्रोडाच्या झाडाखाली अच्युत गुप्ते खुर्चीत बसले होते. अंगावर शाल, मांडीवर हात, हातांत कंप. कंप आधी एका बोटात आला होता, पाहुण्यासारखा. आता त्याने दोन्ही हातांत बिऱ्हाड केलं होतं.

याच हातांनी त्यांनी बायकोला, कुंदाला, गळाची काठी धरायला शिकवलं होतं. लांब दोरी हवेत सोडायला, गळाला बांधलेली पिसांची खोटी माशी पाण्यावर पाकळीसारखी टेकवायला, आणि आलेला मासा पुन्हा पाण्याला परत द्यायला. ठाण्याहून इथवर दोघं कितीतरी शरदांत आली. मासा त्यांच्या हातात, कॅमेरा कुंदाच्या हातात, अशी वाटणी ठरलेली. पुढच्या वर्षीपासून एवढा प्रवास नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे हा शरद शेवटचा.

"एकटीच उतरणार?" अच्युतरावांनी विचारलं.

"मग काय, पालखीतून नेऊ तुम्हाला?"

"पालखीला भोई लागतात. तुझा एकच खांदा, तोही दुखरा."

"दुखरा असला तरी काठी त्याच्यावरच आहे."

ते हसले. मग नदीकडे बघत म्हणाले, "एक फोटो आण, कुंदा. इथला ट्राउट मासा, नीट, डोळाभर. मला आता खाली उतरणं व्हायचं नाही."

ती हो म्हणाली. एवढं साधं मागणं त्यांनी आयुष्यात फार थोड्या वेळा केलं होतं.

कुंदा उतरली. दगडाला दगड विचारत, काठीला पाणी विचारत उतरली. सोबतीला कुणी नसलं की गुडघ्याच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही, हा अच्युतरावांचा पहिला नियम. मासा हातात आल्यावर कॅमेरा शोधायचा नाही, हा दुसरा. म्हणून आधी तिने काठालगतच्या उथळ पाण्यात तिपाई रोवली, तिच्यावर मोबाइल बसवला. स्वतः कुठे उभी राहणार ते दगड बघून ठरवलं, आणि बटण दाबलं की थोड्या-थोड्या वेळाने त्याचा तोच फोटो काढत राहील अशी व्यवस्था लावली. मासा अलगद सोडवता यावा म्हणून गळाचा उलटा काटा आदल्या संध्याकाळीच घासून काढला होता. रबरी जाळं कमरेला होतं. हात दोन आणि कामं चार. पण कामं आधी रांगेत लावली की हात पुरतात.

मग नुसतं पाणी आणि ती.

दोरी मागे गेली, हवेत थबकली, पुढे झेपावली. माशी टेकली, वाहिली, बुडाली. पुन्हा दोरी मागे, पुन्हा पुढे. एक राखाडी पाणपाखरू दगडावर बसून शेपटी हलवत तिची परीक्षा घेत होतं. ऊन काठावरून मध्यावर आलं, मग पलीकडे कललं. दोरी मागे, दोरी पुढे. आणि एका मोठ्या शिळेच्या सावलीत, जिथे वेगाचं पाणी क्षणभर विसावतं, तिथे पाण्याने माशी गिळली.

काठी वाकली. कमानीसारखी, नमस्कारासारखी वाकली.

कुंदाने खेळ लांबवला नाही. दमवून काढलेला मासा सोडला तरी जगत नाही, हे ती जाणून होती. वाकलेल्या काठीने त्याला सरळ उथळात आणलं, जाळं त्याच्याखाली सरकवलं, आणि पाण्यातल्या जाळ्यासकट दोन पावलं चालून मोबाइलचं बटण दाबलं. मग ठरलेल्या जागी गुडघे टेकले. हात मनगटापर्यंत भिजवले. कोरडा हात माशाच्या अंगावरचा चिकट पडदा ओढून नेतो. तो पडदा हेच त्याचं चिलखत. गळ एका हलक्या वळणात सुटला.

आणि तिने त्याला पाहिलं.

सुवर्णपृष्ठ, ताम्रपार्श्व, अंगभर काळे ठिपके. आणि काळ्यांच्या मधेमधे लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट निळसर कडं, जणू कुणी चंद्राला खळं घालावं तसं कुंकवाला घातलेलं. श्वासागणिक तोंड उघडत, मिटत होतं. एवढी ताजी, एवढी लखलखती वस्तू तिच्या हाताने कधी धरली नव्हती.

धरली नव्हती, पण विकत घेतली होती. ठाण्याच्या बाजारात, रविवारामागून रविवार, पाटीवर वाकून. पापलेट असो, सुरमई असो, रावस असो, हाताला एकच सवय. गुप्त्यांच्या घरात सून म्हणून आल्यापासूनची सवय. कोळीण मावशी भाव सांगायच्या आधीच बोट पुढे व्हायचं आणि कल्ला उचलून आत बघायचं. लाल आहे ना? लालभडक आहे ना?

डोक्याला कळायच्या आत बोट पुढे झालं. बोटाने कल्ला उचलला.

आत लाल होतं. डाळिंबाच्या दाण्यासारखं, ओलं, जिवंत लाल. आणि त्या लालावर तिचं बोट होतं.

मासा एकदा थरथरला, अंग ताणलं, आणि कलला. सोनेरी पाठ खाली गेली, पांढरं पोट वर आलं. रक्त नव्हतं. हालचालही नव्हती.

"अगं बाई," कुंदा पुटपुटली, "हे काय केलं मी."

तिपाईवर मोबाइल निमूट आपलं काम करत होता. मासा आता वर उचलला असता, एवढासाच, एका श्वासापुरता, तर फोटो झाला असता. डोळाभर फोटो. त्या फोटोत मासा जिवंत की मेलेला हे कुणाला कळलं नसतं. वरच्या अक्रोडाखाली बसलेल्या माणसाने तो दिवसभर पाहिला असता, वर्षभर पाहिला असता.

कुंदाने मासा उचलला नाही.

तिने जाळं बाजूला सारलं. एक तळहात पोटाखाली, दुसऱ्या हाताची दोन बोटं शेपटीच्या मुळाशी. त्याला सरळ केलं आणि मोबाइलकडे पाठ करत त्याचं तोंड प्रवाहाकडे वळवलं. पाणी त्याच्या तोंडातून शिरू दे, कल्ल्यांतून निघू दे. घट्ट नाही, सैल नाही. नदी श्वास घेत होती, तिचा श्वास माशाला उसना मिळत होता. कुंदा मधे फक्त तळहात होती.

पाणी आलं, पाणी गेलं. बोटं बधिरली. खांदा ठणकला. अंबाडा सुटून केस गालावर आले, ते सारायला हात मोकळा नव्हता. पाणी आलं, पाणी गेलं.

तिला तिच्या स्वयंपाकघरातले सगळे मासे आठवले. तळलेले, कालवणात उकळलेले, खिमटात मिसळून लेकीला भरवलेले. एवढे जीव पाण्याने दिले आणि कधी पावती मागितली नाही. हा एक तरी पाण्याकडे परत जाऊ दे. ती कुठल्याही देवाशी बोलत नव्हती. बहुधा नदीशीच बोलत होती.

मग तळहाताखाली काहीतरी बदललं. जडपणा गेला नाही. जडपणाला मन आलं. एक कल्ला हलला. दोन्ही हलले. शेपटीने बोटांना विचारलं, सोडतेस का? कुंदाने बोटं उघडली.

तो लगेच गेला नाही. उघड्या तळहातावर, न धरलेला, क्षणभर तसाच थांबला. मग शिळेच्या सावलीत शिरला, आणि सावली त्याच्यावर मिटली.

ती वर आली तेव्हा अच्युतरावांनी खुर्चीतून मान उंचावली. तिने कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्या न पिळताच सांगून टाकलं. "मासा आला होता. मी कल्ला उघडला."

मग शालीच्या आतून हसू उसळलं. "म्हणजे भाव करत होतीस. काय भाव सांगितला त्याने?"

"हसू नका. मरत होता तो."

"मेला?"

"नाही. गेला."

"जिवानिशी?"

"पोहत गेला हो. पण फोटो नाही तुमचा. मोबाइलमध्ये सगळी मीच आहे, ओणवी. मासा कुठेच दिसत नाही."

त्यांनी मोबाइल मागितला. कापऱ्या हातात तो कापू लागला, तेव्हा तिने खालून आपला हात लावला. एकामागून एक फोटो सरकत गेले. कुंदाची पाठ. कुंदाचे कोपर, पाण्यात बुडालेले. सुटलेले केस. पुन्हा पाठ, पुन्हा कोपर, तेच दगड, तेच पाणी. अच्युतराव प्रत्येकापाशी थांबत होते, जणू त्यातलं काही वाचत होते.

"मनगट सरळ ठेवलंस," ते म्हणाले. "तोंड प्रवाहाकडे होतं त्याचं. बरोबर?"

"बरोबर. कशावरून?"

त्यांनी आणखी दोन फोटो सरकवले आणि एकापाशी बोट टेकवलं. त्यात सगळं तेच होतं. फक्त कुंदाचे ताणलेले खांदे, दिवसभराचं ओझं उतरवावं तसे, एवढेसे खाली आले होते.

"इथे सुटला," अच्युतराव म्हणाले.

"हो," कुंदा म्हणाली. "इथेच."

त्यांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. मासा नव्हता. गहिरं, हिरवं, वाहतं पाणी होतं, आणि त्यावर सूर्याचा एक तुकडा. पुष्कळ वेळ ते त्या पाण्याकडे पाहत राहिले. डोळाभर, मनभर पाहत राहिले. खाली खोऱ्यात सावली चढू लागली, काठ बुडाला, शिळा बुडाली, देवदार बुडाले. आणि त्या सगळ्या बुडत्या निळाईतून, न दिसता, न थांबता, प्रवाहाकडे तोंड करून, एक सोनेरी जीव श्वास घेत राहिला.