दोरीचं इंजिन

बोटी विकणाऱ्याच्या अंगणात दोन जुन्या बोटी शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीचं इंजिन पोटात, लाकडी पेटीखाली. चावी फिरवली की सुरू. दुसरीचं मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं. ते सुरू करायचं तर दोरीला जोरदार हिसका द्यावा लागायचा. बाबांना घेऊन बोट बघायला आलेल्या चष्मेवाल्याच्या मनात चावीची बोट पहिल्या नजरेत भरली होती. पण बाबा तिच्यात चढून बसले आणि सगळं बिनसलं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात नुसता खांद्याला लोंबायचा. त्यांनी डाव्या हाताने चावी फिरवली. इंजिन धडधडलं आणि म्हातारबुवा असे काही खुलले, की विकणाऱ्यालाही हसू आलं.

"चल, बस पुढे," बाबा मुलाला म्हणाले. "कप्तान मी!"

झालं! चष्म्यांच्या दुकानातही रोज हेच. गिऱ्हाइकाच्या देखत, "फ्रेम अशी नाही रे, अशी वाकवतात." चाळिशी उलटली, कानाजवळचे केस पिकले, तरी गल्ल्यावर बाबा आणि स्टुलावर हा. निदान बोटीत तरी सुकाणू आपल्या हातात असावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यात पाप काहीच नव्हतं. पण ते सरळ सांगायचं सोडून साहेबांनी ज्ञान पाजळलं.

"बाबा, बाहेरचं इंजिन बरं. उथळ पाण्यात वर उचलता येतं. बिघडलं तर सोडवून घरी आणता येतं. पोटातलं काढायचं म्हणजे अर्धी बोट उचकटा. शिवाय मधली जागा अडते ती वेगळीच."

यातलं काहीही खोटं नव्हतं. फक्त, दोरी ओढणं बाबांना जमणार नाही, हे त्याने सगळ्यात आधी हेरलं होतं, आणि तेवढंच तो बोलला नाही.

बाबांनी चावी बंद केली. "पोरगं बरोबर बोलतंय," ते विकणाऱ्याला म्हणाले. "मला आपला आवाज आवडला, इतकंच."

दोरीची बोट ठरली. घरी जेवताना बायकोने विचारलं, "दोरी ओढायला जोर लागत असेल ना? मग बाबांना कसं जमायचं?"

"त्यांना कशाला जमायला हवं?" तो खेकसला.

ती बाबांचं ताट वाढायला उठली.

रविवारी बोट पाण्यात उतरायची होती. त्याआधी एका सकाळी परसातून धप्प, धप्प आवाज यायला लागला म्हणून तो बघायला गेला. बाबांनी फाटकाच्या आडव्या दांड्यावरून दोरी टाकून तिच्या टोकाला वाळूची बादली बांधली होती आणि डाव्या हाताने ते हिसके देत होते. बादली वीतभर वर यायची आणि आपटायची. बनियन घामाने चिंब झालं होतं, तळहात सोलला होता. मुलाला बघताच ते चोरी पकडली गेल्यासारखे ओशाळले.

"जमेल रे. काल नुसती हलत होती, आज वर येते तरी." त्यांना धाप लागली होती. "तुझं म्हणणं पटलं मला. बाहेरचंच इंजिन बरं. फक्त एकदा मला सुरू करू दे. मग मी पुढे जाऊन बसतो. मागे तूच बस, बोट तुझी आहे."

शरमेने त्याचे कान तापले. बाबांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं. पण त्यांना साधा संशयही आला नव्हता.

"बाबा, ती चावीची बोट..." त्याने कसंबसं तोंड उघडलं.

"आता माघार नको. त्यापेक्षा हिसका कसा द्यायचा ते दाखव बघू," म्हणत बाबांनी दोरी त्याच्या हातात दिली.

त्याने ओढली. बादली एका झटक्यात वर दांड्याला जाऊन आदळली.

"वा रे पठ्ठ्या!" बाबा म्हणाले आणि सोललेल्या हाताने त्याची पाठ थोपटायला लागले. त्याला मान वर करवेना.