पायरीसमोरचे पाणी

"धुऊ नकोस," सुकाणूवरचा हात न काढता अबू दाखिल म्हणाला.

नजातच्या हातात जाळे होते. लोखंडी कड्याला शिवलेली, मलमलीहून बारीक विणीची निमुळती पिशवी, टोकाला बाटली. बोटीमागून ओढत न्यायचे. पाणी निसटून जाते, माशांची अंडी आणि पापणीच्या केसाएवढी पिल्ले बाटलीत उरतात. मघाशी नदीच्या वरच्या अंगाला, गोड्या पाण्यात, सबूर माशाची भरपूर अंडी लागली होती. काही अजून कापडाला चिकटून होती.

"तसंच सोड पाण्यात. तिथली चार इथं निघतील. तुझ्या डॉक्टरीणबाईंना तेवढी पुरेत."

अंड्यांची ही पाहणी चालवणाऱ्या डॉक्टर लमयांनी सकाळी धक्क्यावरच सांगितले होते, "नजातबाई, त्या गावासमोर दोन वसंतांत एक अंडं नाही. आजही नसेल तर ते ठिकाण बंद. डिझेल कुठवर जाळायचं?"

ते गाव म्हणजे नजातचे माहेर. भावाने, मुहसिनने, ठरवलेले स्थळ मोडून तिने एका शाळामास्तरशी लग्न केले, तेव्हापासून तिला तो उंबरा बंद. आईला नदीच्या पायऱ्यांपलीकडे चालवत नाही. घरातला फोन मुहसिनच्या खिशात.

पण शत्त अल-अरब नदी मुहसिनची नव्हती. जाळे ओढताना बोट माणसाच्या चालीने न्यावी लागते. तेवढा वेळ आई पायरीवर बसलेली असे.

"कोण बघतंय?" अबू दाखिल म्हणाला. "मी सांगणार आहे? मला तर माझी बायकोही काही विचारत नाही."

"काका, ते खजूर बघा."

काठावर आईच्या मागे खजुरांचे नुसते खांब उरले होते. खाऱ्या पाण्याने शेंडे गळून गेलेले.

"इथं अंडी निघाली, की कागदावर इथलं पाणी गोडं होईल," नजात म्हणाली. "मग गोड्या पाण्याच्या कालव्याची मागणी घेऊन गाव कुणाच्या दारात जाणार?"

तिने बादली भरली आणि जाळे बाहेरून धुतले. वरून खाली, कापडावर तळहात फिरवत. मग पुन्हा धुतले. अबू दाखिल दुसरीकडे बघत राहिला.

जाळे पाण्यात गेले.

पायरीवरून: आलीस का गं, मच्छरदाणी घेऊन?

बोटीवरून: आले! पाय कसे आहेत?

पायरीवरून: आहेत जागेवर. दोन्ही! मास्तर अजून सगळ्यांच्या चुका काढतो?

बोटीवरून: माझ्याच फक्त!

पायरीवरून: लठ्ठ झालीस. बरं केलंस. अगं, मुहसिनची बायको काल

(इंजिन)

आणि वर मलाच म्हणते!

बोटीवरून: काय म्हणते?

पायरीवरून: जाऊ दे. सबूर सापडला?

बोटीवरून: आम्ही अंडी शोधतो, आई!

पायरीवरून: लोकांना मासा मिळेना आणि ही अंडी शोधतेय! कैरीचं लोणचं, अंबा, घातलंय बरणीत. पुढच्या खेपेला

(इंजिन)

नजातने जाळे वर ओढले. बाटली उन्हात धरली. बोरूचा भुगा, एक कोळंबीचे पिल्लू, आरपार दिसणारे पाणी. तिने ती पुन्हा एकदा फिरवून पाहिली. मग नेहमीसारखे नमुना टिकवायचे औषध ओतून झाकण लावले.

आता वेग घ्यायचा. अबू दाखिलने इंजिनच बंद केले. ओहोटीने बोट आडवी होऊन आपोआप खाली सरकू लागली.

"आई, ही बोट आता इथं यायची नाही!"

"काय?"

"यायची नाही! आजची शेवटची!"

आई कानामागे हात धरून तशीच बसून राहिली. बोट आणखी सरकली. मग भिंतीला धरून ती उठली, सपाता काढून बाजूला ठेवल्या, आणि एक पायरी खाली, पाण्यात उतरली.