लसूणघासाचं फाटक

माझ्या नवऱ्याचा, फर्गसचा, आवाज मुळातच मोठा. डोंगरापलीकडच्या कुत्र्यांना हाका मारायची सवय, त्यामुळे चहा मागतानाही अंगावर आल्यासारखा मागतो. पण त्या सकाळी अख्ख्या खोऱ्यासमोर त्यानं तोंड सोडलं, तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

खोऱ्यातली सगळी घरं वरच्या कुरणावर जमली होती. हे कुरण आमचं आणि शेजारच्या लॅक्लनचं सामाईक. त्यातच कुंपण घालून संशोधन केंद्राच्या पिपानं लसूणघास या चाऱ्याचे नवे वाण लावलेत. एवढ्या उंचीवर, पाऊस नसताना, कोण तग धरतो ते बघायचं. पण पाऊस दरसाल बरा पडत गेला आणि पिपा दुष्काळाची वाट बघत बसली. यंदा आमच्या अख्ख्या ओटागो प्रांतात गवताची काडी उरली नाही, तेव्हा खोऱ्यात एकटी पिपा तेवढी खूश. आज सगळ्यांदेखत कापणी करून वजन घ्यायचं होतं. मी सगळ्यांना चहाबरोबर खायला स्कोन भाजून नेले होते.

वर जाऊन बघतो तर आत नुसते खुंट. मेंढ्यांनी एकूण एक वाफा साफ केलेला, फाटक सताड उघडं. पिपा वजनकाटा धरून उभी होती. रडली असती तरी परवडलं असतं.

करार साधा होता. ज्याच्या मेंढ्या आत शिरतील, त्याची या कुरणातली चराई वर्षभर बंद. आणि यंदा हे कुरण हातचं गेलं तर कळप विकायचीच पाळी.

"लॅक्लन!" फर्गस गरजला. "तुझ्याच मेंढ्या! तुझं कुंपण म्हणजे जुनं बनियन, कापड कमी न् भोकंच जास्त!"

लॅक्लन एरवी टोमण्याला टोमणा देणारा माणूस. आज खाली बघत उभा राहिला.

"बघा, बघा! आहे का तोंड बोलायला?"

तोंड तर मलाही नव्हतं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी आणि फर्गस इथूनच गेलो होतो. पिपाची माणसं कापणीचं यंत्र आत ठेवून फाटक उघडंच टाकून गेली होती. मी म्हटलं, "अरे, लाव ना ते." तर हा म्हणतो, "फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. बापानं शिकवलंय."

हे आमच्याकडे पोरं चालायच्या आधी शिकतात. कुणी जनावरांना पाण्यावर जायला फाटक उघडं ठेवलेलं असतं, आपण लावलं तर ती तहानेनं मरायची. पण लसूणघासाचं फाटक कोण कशाला उघडं ठेवील? फर्गसला ते कळत होतं. डोळा मारून म्हणाला, "लॅक्लनच्या शिरल्या तर बरंच की. कुरण आपलं एकट्याचं!"

आणि मी हसले. मेली मी, खळखळून हसले.

आता लोकांच्या नजरेआड व्हायला फाटकाच्या खांबाकडे सरकले, तर खांबावर निळा रंग. पुसलेला, फरकाटलेला, पण निळाच. हे दिवस मेंढ्यांत एडके सोडायचे. एडक्याच्या छातीला रंगाची वडी बांधतो, म्हणजे तो कुठल्या मेंढीवर चढला ते तिच्या पाठीवर उमटतं. यंदा लॅक्लनचा रंग लाल, आमचा निळा. पाठी घासून गेल्या होत्या त्या आमच्याच मेंढ्या.

पण पुसला कुणी? मी लॅक्लनकडे पाहिलं. तो उजवा हात पाठीमागे धरून उभा होता, आणि सदऱ्याची बाही कोपरापर्यंत निळी. सगळ्यांच्या आधी हाच वर आला असणार. आमच्या मेंढ्या खाली हाकलल्या, चारचौघांत आमची शोभा नको म्हणून बाहीनं खांब पुसला, आणि आता आमच्याच शिव्या खात होता. मला माझीच शिसारी आली.

"फर्गस, पुरे."

"का पुरे? याला आज..."

"मेंढ्या आपल्या होत्या," मी म्हटलं. "उघडं फाटक काल आपण दोघांनी बघितलं. लॅक्लनच्या शिरल्या तर बरं, असं तू म्हणालास. आणि मी हसले."

फर्गस कानापर्यंत लाल झाला. "एल्स्पेथ, अगं, सगळ्यांसमोर..."

"तू त्याला कुठे बोललास? घरात?"

"जाऊ दे गं," लॅक्लन पुटपुटला. "आपापसांत मिटवलं असतं." आणि ती बाही त्यानं आणखी मागे नेली. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

पिपानं वजनकाटा खाली ठेवला. "मग चराई कुणाची बंद धरायची?"

"आमची," फर्गस म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला, की पिपाला ऐकूच गेलं नाही. त्याला पुन्हा म्हणावं लागलं.