झाकून ठेवलेला घास

मित्रांनो, मला आता झाकण उरलेले नाही आणि काठाचा एक टवका उडाला आहे. मी काचेची बरणी. मुलुंडमधल्या एका स्वयंपाकघरात मी वीस वर्षे कैरीचे लोणचे सांभाळले. नलिनीआजी मला उन्हात वाळवताना म्हणत, "हिच्यात ठेवलेलं कधी नासलं नाही." त्या शब्दांचा मला अभिमान होता.

झाकण गंजले आणि मी माळ्यावर गेले. यंदा आजींच्या नातीने, स्वरदाने, मला खाली काढले. कढीपत्त्याच्या कुंडीत तिला एक खंडोबाचा किडा सापडला होता. पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरून बसणारा. ती मादी होती. स्वरदाने तिचे नाव पोपटी ठेवले, माझ्यात एक काटकी उभी केली आणि तोंडावर पातळ फडके बांधले.

पोपटीला मेलेले चालत नसे, हलणारेच हवे. स्वरदा माशा, नाकतोडे आणून सोडी. जोडलेले हात क्षणात सुटत आणि मिटत. मग चावण्याचा बारीक आवाज माझ्या भिंतींना लागे. त्या माशांनाही बाहेरचा उजेड माझ्यातूनच दिसत असे, हे मी विसरलेले नाही.

एकदा पोपटीने खाणे सोडले. चौथ्या दिवशी स्वरदाला विज्ञान स्पर्धेसाठी पवईला जायचे होते.

"आजी, हिला काही देऊ नकोस हं. ती कात टाकणार आहे. आता पंख येतील."

"अगं, तीन दिवस उपाशी आहे ती!"

"ती काय तुझी पाहुणी आहे का, आग्रह करायला?"

आजी हसल्या. दुपारपर्यंत त्यांनी कळ काढली. मग मोरीतल्या बादलीमागचा एक रातकिडा वाटीखाली धरून त्यांनी माझ्यात सोडला. "एवढा एक खा गं बाई." पोपटी हलली नाही. "भूक लागली की खाईल," असे म्हणून त्यांनी फडके बांधले. कामावरून उशिरा येणाऱ्या मुलाचे ताट झाकतानाही त्या हेच म्हणत. मग त्या आडव्या झाल्या.

थोड्या वेळाने फडक्याला उलट्या लटकलेल्या पोपटीची पाठ उकलली. आतून फिकट, ओले, मऊ अंग बाहेर येऊ लागले. शिकार धरणारे हात अजून जुन्या कातीत अडकलेले होते. रातकिडा काटकीवरून वर चढला. त्यालाही भूक होती. त्याने पायापासून सुरुवात केली.

मी काच आहे. मला दाखवता येते, हाक मारता येत नाही.

पाच वाजता स्वरदा आली. पोपटीचा एकच पंख अर्धा उघडला होता. तो थरथरत होता.

"आजी, रातकिडा कोणी टाकला?"

"मी गं... उपाशी होती ना ती."

स्वरदाने रातकिडा कुंडीत सोडला आणि माझ्यापाशी बसून राहिली. पंख थांबेपर्यंत ती उठली नाही.

मित्रांनो, माझ्यात ठेवलेले कधी नासले नाही, असे आता कोणी म्हणत नाही. मुक्या जिवाची भूक आपल्या मायेने मोजू नका. त्याला ओळखणारा जे सांगतो ते ऐका.

त्या संध्याकाळी स्वरदा जेवली नाही. आजींनी सवयीने तिचे ताट वाढले, झाकायला दुसरे ताट उचलले आणि त्यांचा हात तसाच थांबला. मग त्यांनी भात परत पातेल्यात घातला.

"भूक लागली की सांग गं," त्या म्हणाल्या.