झांजेचा एकच ठोका

माझी मुलगी रुचिरा सिंफनी ऑर्केस्ट्रात झांज वाजवते, असं चारकोपमध्ये कुणालाही सांगितलं की समोरून एकच प्रश्न येतो, "म्हणजे लग्नात असतो तसा ऑर्केस्ट्रा?" मी म्हणते, हो, वरातीत, घोड्याच्या पुढे. किती जणांना समजावत बसू? काळे कपडे घालून पन्नास-साठ माणसं बसतात, प्रत्येकाच्या समोर कागद. पुढे एक जण हातात काडी घेऊन उभा राहतो. तो स्वतः काहीच वाजवत नाही, सगळ्यांवर डोळे वटारतो आणि शेवटी सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच. रुचिराने हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, कळलं, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी.

हा ऑर्केस्ट्रा नेहमी टाऊनला, म्हणजे दक्षिण मुंबईत वाजवतो. यंदा कुणाच्या तरी डोक्यात आलं की उपनगरातल्या लोकांनाही कान आहेत, म्हणून बोरिवलीच्या नाट्यगृहात कार्यक्रम ठरला. रुचिरा आनंदाने नाचेल असं मला वाटलं. ती स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, एक सांगायचंय. माझा एकच ठोका आहे."

"एकच म्हणजे?"

"एकच. दुसऱ्या अर्ध्यात सिंफनी आहे ना, तिच्या चौथ्या भागात. आणि तोही हळू. जोरात नाही."

आमचे हे, म्हणजे लवू, बाहेर पेपर वाचत होते. चारकोपच्या भजनी मंडळात इतकी वर्षं झांज वाजवतात. गजर चढला की ह्यांची झांज पार बसस्टॉपपर्यंत ऐकू जाते. ते तिथूनच ओरडले, "एकच ठोको? मगे बाकीचो वेळ काय करतलंस?"

"बसून राहायचं, बाबा. मोजत."

"आणि पगार?"

"अहो, गप्प बसा," मी म्हटलं.

ह्यांच्या मंडळात बाईच्या हातात झांज देत नाहीत. तसा काही नियम नाही, पण देत नाहीत. रुचिरा लहानपणापासून बाबांच्या मांडीला टेकून भजनाला बसायची, ताल तिच्या हाडात गेला होता. दहावीत असताना एकदा गजराला तिने बाजूला पडलेली झांज उचलली, तर मंडळातल्या एका म्हाताऱ्याने ती तिच्या हातातून काढून घेतली. हसत हसत, गोड बोलून. पोरगी कानापर्यंत लाल झाली. आणि हे गप्प बसून राहिले! घरी आल्यावर मी ह्यांची अशी काही काढली की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. दुसऱ्याच आठवड्यात मी तिला मालाडच्या एका सरांकडे घातलं. ते ड्रम, झांज, त्रिकोणी घंटा, जे जे आपटता येईल ते सगळं शिकवायचे.

तेव्हापासून पोरगी वाजवतेय, पण मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ऑर्केस्ट्राच्या झांजा घरी आणता येत नाहीत आणि आणल्या तर सेक्रेटरी पोलिसांना बोलावेल. घरी ती दोन उशा घेऊन सराव करते. दिवाणासमोर उभी राहते, उशा छातीपाशी धरते आणि एकमेकींवरून अलगद फिरवते. हात कसा वर जातो, खांदा कुठे थांबतो, सगळं मला पाठ होतं. फक्त आवाज माहीत नव्हता. टाऊनच्या कार्यक्रमांना कधी माझा गुडघा आडवा आला, कधी तिकिटं संपलेली. यंदा मात्र बोरिवली होतं, रिक्षाने जायचं होतं. तो एक ठोका मी ऐकणार होते. तिचा होता तितकाच तो माझाही होता, मला त्यात लाज नाही.

पास तिने सढळ हाताने आणले. त्यामुळे अख्खं भजनी मंडळ निघालं, शिवाय माझी नणंद शकु. निघायच्या आधी रुचिराने मला बाजूला घेतलं.

"आई, तू सगळ्यांना सांभाळ हं. सिंफनीचे चार भाग असतात. मधे थांबतात, पण संपलेलं नसतं. तेव्हा टाळ्या नकोत. वा-वा नको. मोबाइल नको. खाणं तर अजिबात नको."

"तू बिनधास्त वाजव," मी म्हटलं. "एक जण हलला तर तंगडं तोडीन."

मी काठापदराची साडी नेसले आणि अंबाड्यावर मालनकडून मुद्दाम करून घेतलेला अबोलीचा वळेसर माळला. मालन आमच्या गल्लीच्या तोंडावर फुलं विकते. तिलाही सांगितलं, लेकीचा कार्यक्रम आहे. ती म्हणाली, लग्नात वाजवतात ते?

नाट्यगृहात आम्हाला तिसरी आणि चौथी रांग मिळाली. मी आणि हे तिसऱ्या रांगेत. मागे चौथ्यात शकु, आणि तिच्या शेजारी मंडळाचा बुवा हर्षद. त्याची बोटं पेटीवर चालतात, पण तोंडाला ब्रेक नाही. माझ्या डाव्या हाताला एक चष्मेवाले गृहस्थ कार्यक्रमपत्रिका मांडीवर उघडून बसले होते. आम्हाला बघून त्यांनी ती थोडी आणखी उघडली.

पहिल्या अर्ध्यात रुचिरा स्टेजवर नव्हतीच. ह्यांनी मान लांब करकरून सगळे काळे कपडे तपासले.

"चेडू खंय आसा गो?"

"दुसऱ्या अर्ध्यात येणार. सांगितलंय ना तिने?"

"दांडी मारल्यान काय?"

आधी एक छोटा तुकडा झाला, चटपटीत. मग एका बाईने व्हायोलिन वाजवलं आणि बाकीच्यांनी तिला साथ केली. बाई अशी काही वाजवत होती की जणू तिचा कुणीतरी घोर अपमान केलाय आणि ती पुराव्यानिशी सगळं सांगतेय. मला ती फार आवडली. मध्यंतरात आम्ही सगळ्यांनी बटाटेवडे खाल्ले. नाट्यगृहात येऊन वडा न खाता जायचं म्हणजे देवळात जाऊन घंटा न वाजवण्यासारखं. शकुने दोन खाल्ले. मी तिला म्हटलं, पोट भरलं ना? आता तोंड बंद. ती म्हणाली, हो गं वहिनी, मी काय लहान आहे?

दुसऱ्या अर्ध्यात पडदा उघडला आणि रुचिरा दिसली. सगळ्यात मागे, उंचावर, मोठ्या नगाऱ्यांच्या बाजूला. काळा कुर्ता, केस घट्ट बांधलेले, हात मांडीवर. शेजारच्या स्टँडवर झांजा. हे खुर्चीत एकदम ताठ झाले.

सिंफनी कुणा युरोपातल्या माणसाची होती. रुचिराने नाव दहादा सांगितलं, माझ्या जिभेवर ते बसत नाही. पहिला भाग धडाक्यात संपला आणि माझ्या मागून हर्षद गरजला, "वा बुवा! झकास!" आणि त्याच्या पाठोपाठ अख्ख्या भजनी मंडळाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना बघून बाल्कनीतल्या लोकांनीही सुरू केलं. चष्मेवाल्यांनी दात आवळून "श्श्श" केलं. काडीवाला पाठमोरा होता, त्याचे खांदे वर गेले आणि तसेच राहिले. मी मागे हात घालून जे मांस सापडलं ते पिळलं. ते हर्षदच्या गुडघ्यावरचं निघालं.

"काकी! आई गं!"

"परत आवाज काढलास तर बाहेर काढीन."

त्यानंतर मंडळ गप्प. दुसरा भाग संथ होता, सुंदर होता. कुणीतरी लांब गेलेलं माणूस घरची आठवण काढतंय असं काहीतरी. पण मला तो नीट ऐकता आला नाही. पुढे कुणाचा मोबाइल चमकतोय, मागे कोण खाकरतंय, ह्यांचा पाय हलतोय, तो दाब. तिसऱ्या भागात ह्यांची बोटं मांडीवर ताल धरायला लागली, तीही मी धरून ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात भर सभेत ह्यांचा हात धरायची ही पहिलीच वेळ. तोही जप्तीसारखा.

चौथा भाग सुरू झाला. आता कधीही, असं रुचिराने सांगितलं होतं. पितळी भोंगे गरजले, व्हायोलिनवाले घामाघूम, आणि मागे रुचिरा उठून उभी राहिली. तिने झांजा उचलल्या. सगळा गोंगाट हळूहळू खाली आला. तिचा खांदा वर गेला, थेट दिवाणासमोर जायचा तसा.

आणि मागे कर्रर्र.

प्लास्टिकची पिशवी. मग कडाम! मालवणच्या जत्रेतलं खाजं, आल्या-गुळाचं, दगडासारखं. शकुने ते दाढेखाली फोडलं होतं. चष्मेवाले गर्रकन वळले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मीही अख्खी मागे वळले, खुर्चीच्या पाठीवरून हात घालून पिशवी ओढली आणि कुजबुजत्या आवाजात म्हटलं, "शकु, थोबाड फोडीन तुझं!" ती भरल्या तोंडाने, डोळे मोठे करून म्हणाली, "वहिनी, गोळी घ्यायची होती, उपाशीपोटी कशी घेऊ?" दोन वडे खाऊन उपाशीपोटी!

मी पुढे वळले. रुचिरा खाली बसत होती.

मला कळेचना. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे कुर्त्याच्या बाहीने नाक पुसत होते.

"झालं?" मी विचारलं.

"आयकलंस मा?"

"हो," मी म्हटलं. "कसा वाटला तुम्हाला?"

ह्यांनी मान हलवली. "सांगूक जमणा नाय," म्हणाले, आणि परत बाही नाकाला.

पुढचं सगळं कानावरून गेलं. माझ्या हातात खाज्याची पिशवी होती आणि मी ती आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरली होती. रडायला येत होतं, पण रडण्याचाही आवाज होतो. मेली शकु! आणि शकु कसली, मी मेली. साऱ्या जगाला गप्प बसवायला गेले आणि नेमकी तेव्हाच वळले.

सिंफनी संपली तीही कशी, तर हळूहळू विझत. शेवटचा सूर बारीक होत गेला, गेला, आणि शांतता. काडीवाल्याचे हात वरच. पहिल्या वेळचा दम सगळ्यांना आठवत होता. एकही माणूस टाळी वाजवेना. संपलं की आणखी आहे, कुणाला पत्ता नाही. हर्षद गुडघा धरून बसलेला. चष्मेवालेसुद्धा पत्रिकेत बघायला लागले.

आणि मी उठून उभी राहिले. ठरवून नाही. पोटातून आवाज आला तो थेट तोंडातून बाहेर.

"वन्स मोर!"

क्षणभर सगळं थिएटर माझ्याकडे बघत राहिलं. मग बाल्कनीतून एक म्हातारा ओरडला, "वन्स मोर!" नाटकाची सवय असलेली माणसं ती, त्यांना आणखी काय लागतं? सगळं नाट्यगृह उठलं. टाळ्या, शिट्ट्या, मंडळाने तर गजरच धरला. काडीवाला वळला तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता. त्याने छातीवर हात ठेवला, खास माझ्याकडे बघून वाकला आणि काडी उचलली.

मी खाली बसले, पदर सावरला, डोळे रुचिरावर रोखले. आता तोफा डागल्या तरी वळणार नव्हते.

आणि त्यांनी दुसरंच सुरू केलं! गिरक्या घेत नाचायचं काहीतरी, गुलगुलीत. हे लोक म्हणे शेवटी द्यायला एक तुकडा शिवून आणतात, वन्स मोर कशालाही मागा. त्यात झांज नव्हती. रुचिरा मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

"हे नको, ते," मी पुटपुटले.

"श्श्श," चष्मेवाले म्हणाले.

बाहेर आल्यावर आम्ही नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथे टेम्पोत वाद्यं चढवत होते. रुचिरा झांजांची गोल बॅग खांद्याला लावून आली. मंडळाने तिला गराडा घातला. हर्षद म्हणाला, तुझ्यासारखी थांबायची हिंमत आमच्यात कुणात नाय. ह्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी पुढे झाले. "मस्त वाजवलंस गं," मी म्हटलं.

रुचिरा माझ्याकडे बघत राहिली. रागावली नव्हती, हसत होती.

"वळेसर छान दिसत होता, आई."

"काय?"

"मी झांजा उचलल्या ना, तेव्हा तिसऱ्या रांगेत मला तुझा अंबाडा दिसला. अबोलीचा वळेसर. अख्खा."

माझा हात अंबाड्यावर गेला. मग एकदम सगळंच फुटलं. "तूच म्हणालीस सांभाळ म्हणून! सगळ्यांना सांभाळता सांभाळता मी... ह्या शकुच्या... आणि ते मेलं खाजं..." आणि मी भर गल्लीत, मंडळासमोर, टेम्पोवाल्यांसमोर हमसून हमसून रडायला लागले. शकुही लागली.

"आई. आई, बस कर." रुचिराने बॅगेची चेन उघडली. "उभी राहा अशी समोर. बाबा, जरा रिक्षा थांबवा ना."

आमचे हे, ज्यांची झांज बसस्टॉपपर्यंत जाते, ते गल्लीच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. समोरचा रिक्षावाला हॉर्नवर अंगठा दाबून ओरडला, "ओ काका, मरना है क्या?"

"इंजिन बंद कर," हे म्हणाले. "माझा चेडू वाजवतला."

त्यांचा चेहरा बघून त्याने खरंच बंद केलं. त्याच्या मागच्यानेही केलं. टेम्पोवाले नगारा तसाच अधांतरी धरून थांबले.

रुचिराने झांजा छातीपाशी धरल्या. खांदा वर गेला. मी डोळ्यांची पापणीसुद्धा हलवली नाही. एक झांज दुसरीवरून अलगद फिरली आणि तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब सुर्रकन धावावा तसा एक आवाज आला. बारीक, चमकता. तो गल्लीत पसरला, माझ्या अंगावरून गेला आणि विझता विझता बराच वेळ राहिला. उशांमधून इतकी वर्षं मला जो ऐकू येत नव्हता, तो हा.

कुणीच हललं नाही. शकुच्या तोंडात खाज्याचा तुकडा होता, कुठून आणला तिलाच माहीत. आवाज पुरता विझेपर्यंत तिने तो चावला नाही.