लिनहार्टचा कान

वाल्डेनाखच्या नगरसभेने ठरवलं की चर्चमध्ये आता फक्त देव राहील. बाकीच्यांनी शनिवारपर्यंत निघायचं.

बाकीचे म्हणजे संत. लाकडाचे, सोनेरी मुलाम्याचे, रंग उडालेले, पिढ्यान्‌पिढ्या खांबांना टेकून उभे असलेले. ज्याच्या पूर्वजांनी मूर्ती दिली असेल त्याने ती घरी न्यावी, नाही नेली तर गावाच्या स्नानगृहाच्या भट्टीत जाईल, असा हुकूम होता. पोपचं ऐकायचं सोडून वर्षही झालं नव्हतं आणि सभासदांना आता नवा उत्साह होता. शिवाय स्नानगृहाला सरपण लागतंच.

खाटीक उत्सची बायको कुनिगुंडे ह्या निर्णयाच्या बाजूने सगळ्यांत मोठ्याने बोलणारी. संत किलियनची पवित्र बरगडी जेव्हा पेटीतून मिरवत आणली होती, तेव्हा भर बाजारात ती म्हणाली होती, "ही मेंढीची आहे. मी आयुष्यभर बरगड्या तोडल्यात, मला शिकवू नका." जुन्या पाद्रीबाबांनी तिला तेव्हा बहिष्काराची धमकी दिली होती. आता पाद्रीबाबा नदीपलीकडच्या मठात राहायला गेले होते आणि त्यांच्या जागी मास्तर योडोकुस आले होते. मास्तर आधी संन्यासी होते. आता त्यांना बायको होती, दोन पोरं होती आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. कुनीला त्यांची प्रवचनं मनापासून पटायची.

म्हणून मंगळवारी उत्स घरी येऊन गुपचूप जेवायला बसला तेव्हा तिला काही कळेना.

"काय झालं? कोबी खारट झालाय का?"

"गाढव," उत्स म्हणाला.

"कोण?"

"कोण नाही. आपलं गाढव. खाटीक संघाने सोडून दिलं. म्हणाले, आम्हाला नको. शनिवारी स्नानगृहात."

कुनीच्या हातातला डाव तसाच राहिला.

हे गाढव चाकांवरचं. येशू गाढवावरून शहरात आला त्या आठवणीच्या, झावळ्यांच्या रविवारी खाटीक संघाने ते दोरांनी ओढत वेशीपासून चर्चपर्यंत न्यायचं, लोकांनी वाटेत विलोच्या डहाळ्या आणि अंगरखे टाकायचे, पोरांनी होसान्नाचा जयघोष करायचा, असा रिवाज. गाढवावर अर्थातच येशू. उजव्या हाताची दोन बोटं आशीर्वादाला उचललेला, दाढीवाला, गालावर किंचित हसू असलेला येशू.

पण तो येशू नव्हता. तो लिनहार्ट होता. कुनी आणि उत्सचा थोरला.

कोरणारा एंड्रेस तेव्हा त्यांच्याच माळ्यावर भाड्याने राहत होता. जिवंत माणूस समोर असल्याशिवाय त्याला नाक-कान कोरता येत नसत. लिनहार्टने गंमत म्हणून त्याच्या रंगाच्या भांड्यात डुकराचं रक्त ओतलं, त्याची शिक्षा म्हणून त्याला पहाटेपासून स्टुलावर बसवलं. पोरगा आयुष्यात तेवढाच एकदा एका जागी बसला. एंड्रेसने दाढी मनाची लावली, बाकी सगळं जसंच्या तसं. डाव्या कानाची पाळी कुत्र्याने तोडली होती, तीही तशीच तुटकी. गोष्ट चौघांतच राहिली, कारण पाद्रीबाबांना कळतं तर त्यांनी एंड्रेसला गावाबाहेर काढलं असतं. पुढच्या हिवाळ्यात लिनहार्ट तापाने गेला. त्यानंतर दर झावळ्यांच्या रविवारी कुनी मिरवणुकीत रडायची आणि लोक म्हणायचे, तोंडाने फटकळ आहे पण श्रद्धा बघा बाईची. उत्स पुढचा दोर कुणाला धरू द्यायचा नाही. घरात ह्या विषयावर दोघं कधी बोलली नव्हती.

"तुम्ही सभेच्या मूर्ती-समितीत आहात ना," कुनी म्हणाली. "बोला की."

"काय बोलू? समितीतला म्हणूनच तोंड बंद आहे. म्हणतील, दुसऱ्याचे संत जाळले आणि आपलं घरी नेलं."

"मग मी बोलते."

"कुनी, तू चौकात उभी राहून म्हणालीस, लाकूड ते लाकूड. साऱ्या गावाने ऐकलंय."

"लाकूड ते लाकूडच. पण हे माझं लाकूड आहे!"

समिती चर्चमध्येच टेबल टाकून बसली होती. मधे नगराध्यक्ष हाइलमन, एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला खाली मान घातलेला उत्स. भिंतीला लावून गाढव उभं होतं आणि त्यावर लिनहार्ट, दोन बोटं उचलून.

"कुनिगुंडेबाई," मास्तर म्हणाले, "तुम्हीसुद्धा? येशूची मूर्ती मागायला?"

"हा येशू नाही, मास्तर. हा आमचा लिनहार्ट आहे."

हाइलमनला ठसका लागला. कुनीने रक्ताच्या भांड्यापासून सगळं सांगितलं. मग एंड्रेसला बोलावलं. त्याने टोपी काढली, परत घातली, परत काढली.

"खरं का हे?" हाइलमनने दरडावलं.

"आता काय लपवायचं साहेब. संतांचं काम बंद झालं, धंदा तर गेलाच आहे. होय. लिनहार्टच आहे. हलत फार होता."

"म्हणजे आम्ही," हाइलमन सावकाश म्हणाला, "सगळं गाव, मी स्वतः, त्या पोराला होसान्ना घालत होतो? माझ्या विहिरीत डुकराचं पिल्लू सोडणाऱ्या पोराला?"

"मेलं नाही ते पिल्लू," उत्स पहिल्यांदाच बोलला.

कुनीला वाटलं, संपलं. पण मास्तर योडोकुस उभे राहिले आणि त्यांचा चेहरा बारशाला आल्यासारखा फुलला होता.

"पाहिलंत? पाहिलंत! इतके महिने मी घसा फोडून सांगतोय, तुम्ही लाकडापुढे वाकता आणि ते कुणाचं हे तुम्हाला ठाऊक नसतं. आणि इथे साक्षात पुरावा! खाटकाचं पोर! बाई, देवाने तुम्हाला पाठवलं."

"मला शेजारणीने पाठवलं तरी चालेल. मूर्ती मिळणार का?"

"मूर्ती पुजायची असेल तर नाही. पण साध्या माणसाचं चित्र ही मूर्ती नव्हे. तसं असेल तर नगराध्यक्षांच्या दिवाणखान्यातलं त्यांचं स्वतःचं चित्रही जाळावं लागेल."

हाइलमनने ते चित्र परगावच्या चित्रकाराकडून काढून घेतलं होतं आणि त्यात त्याला केस होते. त्याने लगेच हात वर केला. ठराव झाला. येशूच्या डोक्यामागचं तेजोवलय काढायचं, घरी कुणी गुडघे टेकायचे नाहीत, फुलं मेणबत्त्या वाहायच्या नाहीत. गाढवाला कधीच कुणी पुजलं नव्हतं, त्यामुळे त्याचं काय करायचं ते कुणाला सुचेना. ते मास्तरांनी आपल्या पोरांसाठी नेलं.

लिनहार्ट घरी आला. गाढवावर बसण्यासाठी पाय फाकलेले असल्याने तो खुर्चीत मावेना, म्हणून त्याला टेबलाशी बाकावर घोड्यावर बसल्यासारखं बसवलं. मास्तर दुसऱ्या दिवशी पाहणीला आले.

"तो हात खाली करायला हवा. आशीर्वाद देतोय."

"नाही हो मास्तर," उत्स म्हणाला. "ह्या टेबलाशी दोन बोटं वर केली की त्याचा अर्थ दोन बिअर."

मास्तरांनी हाताकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, आणि पाहता पाहता त्यांनाही तसंच दिसायला लागलं.

"बाई, त्याच्याशी बोलता का तुम्ही?"

"बोलते की. पाय आवर म्हणते. लोक अडखळतात."

"रागावणं म्हणजे उपासना नव्हे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी एक बिअर घेतली.

रविवारी त्यांनी ह्यावर जोरदार प्रवचन केलं. गावाने ते कान देऊन ऐकलं आणि त्यातून आपल्याला हवं तेवढं घेतलं. सोमवारी सकाळी समितीच्या टेबलापुढे रांग लागली. शनिवार उलटून गेला होता, पण भट्टी अजून पेटवली नव्हती. पहिला आला चांभार. त्याने शपथेवर सांगितलं की संत क्रिस्पिन हा त्याचा सख्खा आजोबा. मागून दोन बहिणी आल्या, त्या संत बार्बरेवरून भांडत होत्या, कारण दोघींनाही ती आपली आत्या वाटत होती, आणि आत्या एकच असली तरी घरं दोन होती. विणकराने बाणांनी टोचलेला संत सेबास्टियन उचलला.

"हा कोण तुमचा?" मास्तरांनी विचारलं.

"मेहुणा."

"आणि हे बाण?"

"लग्न झालं होतं हो त्याचं."

बुधवारपर्यंत चर्च रिकामं झालं आणि गावातलं जवळपास प्रत्येक घर संतांचं सोयरं झालं. मास्तरांना उघड्या भिंती हव्या होत्या, त्या मिळाल्या. स्नानगृहाला मात्र सरपण विकत घ्यावं लागलं.

सुरुवातीला कुनी हसली. मग तिचं हसू आटलं. बाजारात बायका तिच्या खांद्यावर थाप मारायला लागल्या. "काय डोकं चालवलंस गं! पोराचं नाव काय पुढे केलंस!" चांभाराने डोळा मिचकावला. एंड्रेसने शपथेवर सांगितलं होतं, पण एंड्रेस आता प्रत्येकासाठीच शपथ घेत होता, आणि नुसत्या शपथांवर त्याचा नवा धंदा बरा चालला होता. गावात खरं बोलून मूर्ती घरी नेणारी एकच बाई होती, आणि सगळ्यांत हुशार थापाडी म्हणून तिचंच नाव झालं होतं.

"जाऊ दे ना," उत्स म्हणाला. "आपल्याला ठाऊक आहे."

"आपल्याला पूर्वीही ठाऊक होतं. मी भर चर्चमध्ये उभी राहून माझ्या पोराचं नाव घेतलं आणि लोक म्हणतात, युक्ती! म्हणजे त्या लाकडात तो कधी नव्हताच?"

गुरुवारी शेजारची आपोलोनिया मावशी आली. मावशी जुन्या मताची. अजून नदी ओलांडून मठात प्रार्थनेला जाणारी. तिच्या आजोबांनी संत आनाची मूर्ती दिली होती, पण ती न्यायलाही मावशी गेली नव्हती. देवाला दिलेलं परत घेत नसतात, म्हणाली होती, आणि आना दुसऱ्याच कुणाची तरी आजी होऊन गेली होती. तिने दारातूनच सुरुवात केली.

"लाज वाटत नाही कुनी? तू एक थाप मारलीस आणि सगळं गाव खोटं बोलायला शिकलं."

"मी खोटं बोलले नाही, मावशी."

"सगळे हेच म्हणतात. त्या विणकराची बहीण माझ्या डोळ्यांदेखत बिनलग्नाची गेली, मेहुणा कुठून..."

"तुम्ही इतकी वर्षं मिरवणुकीत होता ना? बघितलं नाहीत का कधी?"

"बघायचं कसं? आम्ही गुडघ्यावर असायचो. मान खाली. मला गाढवाची चाकं तेवढी ठाऊक आहेत."

"मग आता बघा."

मावशी आत आली. आधी तिने सवयीने मान खाली घातली, मग रागाने वर केली. नाक पाहिलं. हसू पाहिलं. बाकाला वळसा घालून ती डाव्या बाजूला गेली आणि थांबली. मग हात पुढे करून तिने तो तुटका कान दोन बोटांत धरला. बोटं बरोबर बसली.

"हा कान मी ओढलाय," ती म्हणाली. "माझ्या पेरच्या झाडाखाली, फळं चोरताना. दर सुगीला ओढलाय."

कुनी बाकाजवळ सरकली.

"लिनहार्टच आहे हा," मावशी म्हणाली, आणि मग तिच्या ध्यानात बाकीचं आलं. "अगं बाई! ह्या चोराला मी गुडघेदुखीसाठी नवस बोलले होते!"

"मग? गुण आला का?"

मावशीने विचार केला. ती खोटं बोलणारी नव्हती. "उन्हाळ्यात थोडा."

कुनी हसायला लागली आणि हसता हसता टेबलाला धरून खाली बसली. मावशीने पदरासारखा खोचलेला ॲप्रन सोडला. त्यात सकाळी वेचलेली पेरं होती. त्यातलं एक निवडून, पुसून, तिने लिनहार्टच्या पुढ्यात ठेवलं.

"मावशी, मास्तरांचा नियम आहे," कुनी डोळे पुसत म्हणाली. "इथे काही वाहायचं नाही."

"वाहतंय कोण? चोरणारच आहे मेला. त्याचे कष्ट वाचवले."